होतकरू पोर आणि तयारीचा मल्ल

मंडळी, रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते. लहान पोरे लंगोट सावरत मातीत उतरतात, लोक हसतात, हलगीवाला उगीच दोन ठोके जास्त मारतो. उन्हे कलली की मोठ्या इनामाच्या जोडी सुटतात. अशा गर्दीत तुमचा मुलगा एखादी कुस्ती चटकन मारतो, कोणी पाहुणा उठून त्याच्या हातावर नोट ठेवतो, आणि त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात विषय निघतो की, पोराला पुण्याला तालमीत ठेवावे काय?

इथे बुधवार पेठेत आम्हाला हा विषय दर जूनमध्ये भेटतो. अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तके घेणाऱ्यांची झुंबड असते, आणि त्या गर्दीत एखादा धोतर-टोपीतला बाप, शेजारी मान खाली घातलेला तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आणि दोघांच्या मध्ये पत्र्याची ट्रंक असे हमखास दिसते. दगडूशेठच्या गणपतीला नारळ फोडायचा, आठवी-नववीची पुस्तके घ्यायची आणि पुढे तालमीच्या वाटेला लागायचे, असा त्यांचा बेत असतो. पुण्याच्या पेठांना तालमीची सवय जुनी आहे. शेजारच्या शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. लक्ष्मी रस्त्यावरचा गुरुजी तालीम गणपती हा मानाचा तिसरा गणपती. हिंदू आणि मुसलमान मंडळींनी मिळून १८८७ साली हा उत्सव सुरू केला. आज लोक तिथे आरतीसाठी जातात, पण नावात तालीम अजून आहे.

तर हे बापलोक विचारतात, ‘काय वाटतं, होईल का पोरगं महाराष्ट्र केसरी?’ उत्तर देण्याचा अधिकार वस्तादाचा, आमचा नाही. पण प्रश्नातच एक गोम असते, आणि त्या गोमेपायी चांगल्या चांगल्या घरांचे नुकसान झालेले आहे. म्हणून आज तेवढ्यावरच लिहितो.

आपल्या बोलीत दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘होतकरू’ आणि दुसरा ‘तयारीचा’. होतकरू म्हणजे जो पुढे होईल असे दिसते तो. तयारीचा म्हणजे जो आज, या घडीला, समोर कोणीही उभा केला तरी लढायला पुरा आहे तो. जत्रेत कुस्ती मारणारा पोरगा हा त्या दिवशीच्या जोडीपुरता तयारीचा ठरला. तो होतकरू आहे की नाही, हे त्या कुस्तीवरून कळतेच असे नाही. आणि हरणारा होतकरू नाही, असे तर मुळीच नाही.

बैलांच्या बाबतीत ही गोष्ट तुम्हाला कोणी शिकवायला नको. आदत खोंड कितीही उमदा दिसला तरी तुम्ही त्याच्या मानेवर नांगराचे जू ठेवत नाही. दात बघता, पाय बघता, खूर बघता, त्याची आई कोणती ते विचारता. दुसा झाला की हलक्या औताला धरता, चौसा झाला की जड कामाला. बाजारात तयार जोडीला आजचा भाव असतो आणि खोंडाला उद्याचा. खोंडाचा भाव सांगताना तुम्ही तयार जोडीशी तुलना करत नाही. पण स्वतःच्या पोराचा विषय आला की आपण दोन्ही भाव एकाच तराजूत टाकतो.

जत्रेत जोड कशी लागते ते आठवा. पोरे मैदानात फिरतात, पंच त्यांच्याकडे नजर टाकतात, दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात आणि अंगापिंडाने सारखे दिसले की जोड पक्की. वय विचारत नाहीत. तालमीत किती वर्षे आहे हेही विचारत नाहीत. ही रीत वाईट नाही. घटकाभराच्या खेळाला ती पुरते आणि अनुभवी पंचाची नजर काट्यासारखी चालते. पण ती मोजते फक्त आजचे अंग.

आता समजा, एका तालमीत तीन पोरे आहेत. तुम्ही वस्तादाच्या जागी बसा आणि त्यांचे नंबर लावा.

पहिला चौदा वर्षांचा. त्याला मिसरूड फुटले आहे, आवाज फुटला आहे, दंड भरले आहेत, वजन पासष्टच्या घरात. आपल्या वयाच्या कोणालाही तो उचलून टाकतो. डाव दोनच येतात, पण तिसऱ्याची गरजच पडत नाही. दुसरा त्याच वयाचा, वजन बेचाळीस. हातपाय लांब, मनगटाची आणि घोट्याची हाडे मोठी, अंगावर मांस नाही. दहांतल्या सहा कुस्त्या हरतो. पण गेल्या वर्षी ज्या डावावर पडला त्या डावावर यंदा पडत नाही. तिसरा वीस वर्षांचा. अंग पुरे भरलेले, ढाक, कलाजंग, घिस्सा सगळे हातात बसलेले, तालुक्यात त्याच्या तोडीचा नाही.

उद्या रविवारी फड असेल तर नंबर उघड आहे. आधी तिसरा, मग पहिला, आणि दुसऱ्याला बसवून ठेवायचे. पण सात-आठ वर्षांनंतरचा नंबर विचारला तर? तिसऱ्याचे जे व्हायचे ते बरेचसे होऊन गेलेले आहे. पहिला लवकर वयात आला, एवढीच त्याची पुंजी असेल तर बाकीची पोरे सतराव्या-अठराव्या वर्षी त्याला गाठतील, आणि तोवर त्याला डाव शिकायची सवयच लागलेली नसेल. दुसऱ्याचे अंग यायचे आहे आणि डोके आधीच आलेले आहे. आम्ही तर त्या दृष्टीने दुसऱ्याला वर ठेवू. मात्र पैजेवर कोणी सांगू नये. पहिलाही मनावर घेऊन शिकला तर त्याला कोण अडवणार? सांगायचे एवढेच की, त्याच तीन पोरांचे दोन वेगळे नंबर लागतात आणि दोन्ही खरे असतात. चांगला वस्ताद मनात दोन वह्या ठेवतो. घरचे लोक एकच ठेवतात.

परदेशात हा हिशेब कागदावर करतात. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावरची हॉकी हा मोठा धंद्याचा खेळ आहे. तिथल्या नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची पोरे क्रमाने निवडून घेतात. निवड आज होते, पण बहुतेक पोरे खऱ्या मैदानात उतरायला अजून दोन-चार वर्षे असतात. म्हणून ‘आज कोण तयार’ आणि ‘पुढे कोण मोठा’ यावर त्यांचे जाणकार वर्षभर डोकेफोड करतात. तरीही चुकतात. १९९३ साली पहिल्या नंबरला उचललेला अलेक्झांडर डेग हा अपेक्षेच्या जवळपासही पोचला नाही. आणि १९९८ साली डेट्रॉइटच्या संघाने १७१ व्या नंबरला घेतलेला पावेल दात्स्युक हा रशियाचा किरकोळ अंगाचा मुलगा पुढे त्या खेळातला नामांकित कलावंत ठरला. इतका पैसा, इतके जाणकार, आणि असे होते. मग आपल्या जत्रेतल्या पाहुण्याने दिलेल्या नोटेवर किती भरवसा ठेवायचा?

त्याच कॅनडातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वरच्या दर्जाच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू फार आणि वर्षाअखेरीस जन्मलेले फार थोडे, असे निघाले. कारण साधे होते. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांत जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तो दणकट दिसला म्हणून निवडला गेला, निवडला म्हणून त्याला चांगला शिक्षक मिळाला, आणि शिक्षक मिळाला म्हणून तो खरोखरच पुढे गेला. डिसेंबरच्या पोराला कोणी नीट पाहिलेच नाही.

आपल्याकडे तर तारखेचाच पत्ता नसतो. कितीतरी घरांत सगळ्या भावंडांचा वाढदिवस एक जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहून टाकलेली ती तारीख जन्मभर मागे लागते. त्यात कोणाचे वय दीड वर्षाने कमी पडलेले असते, कोणाचे जास्त. पंधरा वर्षांखालच्या गटात असा थोराड मुलगा उतरला की ढाल जिंकून आणतो आणि घरचे हुरळून जातात. वय खरोखर किती हे निदान आईला तरी ठाऊक असते. पोराची गुणवत्ता जोखताना तिचा हिशेब धरावा, दाखल्याचा नव्हे. आणि मुद्दाम वय चोरून गटात घुसवणे हे तर साफ वाईट. पुढे वैद्यकीय तपासणीत ते उघडे पडले की पोराच्या कपाळी लबाडीचा शिक्का बसतो. शिवाय त्याने ज्यांना पाडले ती खरोखरच लहान होती, म्हणजे पदरात शिकणेही पडत नाही.

आता आपल्या मातीतला सगळ्यांत मोठा दाखला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १९२६. अंगाने बुटके, वजनाने हलके. जत्रेतल्या नुसत्या नजरेच्या जोडीत असा गडी शेवटच्या इनामाला कोणी धरला नसता. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवर त्यांची कुस्ती मातीतली. गादीवर लढायचा सराव नाही, परदेशी नियम ठाऊक नाहीत. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना थोडेफार शिकवले, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले.

हा सहावा नंबर दोन तऱ्हांनी वाचता येतो. कोणी म्हणेल, गेला आणि हरून आला. तयारीच्या वहीत तसेच लिहावे लागेल. पण गादीवर जवळजवळ नवखा असलेला माणूस जगातल्या तयार मल्लांत सहावा येतो, याचा दुसऱ्या वहीतला अर्थ फार मोठा आहे. खाशाबांनी स्वतः तो अर्थ ओळखला. चार वर्षे मेहनत केली, एक वजनगट वर चढले आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीगत कराड-कोल्हापूरकडे सर्वश्रुत आहे. खर्डेकर काही कुस्तीचे वस्ताद नव्हते. तरी सहावा आलेला माणूस पुढे काय करू शकेल हे त्यांना दिसले. सरकारदरबारी पुष्कळांना दिसले नाही.

खाशाबांवरून हलक्या अंगाचा विषय निघाला आहे तर तोही बोलून घेऊ. आपल्याकडे पैलवान म्हणजे भारी अंग असे समीकरण आहे. महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या गटाला, म्हणजे भारी वजनाच्या मल्लांना. त्यामुळे गावाला वाटते, पोरगा नव्वद-शंभर किलोचा झाला नाही तर फुकट गेला. मग दूध, तूप, बदाम यांचा मारा करून पोट सुटेपर्यंत त्याला खाऊ घालतात. पण ऑलिंपिकचा हिशेब बघा. २०२४ च्या पॅरिसपर्यंत भारताला कुस्तीत आठ पदके मिळाली आहेत. खाशाबा जाधव, सुशील कुमारची दोन, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत. यातले एकही ६६ किलोच्या वरच्या गटातले नाही. खाशाबा, रवी आणि अमन तर ५७ किलोचेच. तेव्हा तुमचा पोरगा हडकुळा राहिला म्हणून हिरमुसू नका. त्याच्या आई-बापाची आणि आजा-मामाची उंची बघा, त्याची हाडे बघा, आणि त्याचे अंग ज्या वजनाचे व्हायचे त्या वजनाचे होऊ द्या.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे याच हलक्या वजनाचा. पुण्याला रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तो घडला आणि बिराजदार २०११ साली गेल्यावर काका पवारांकडे. २००८ साली पुण्यातच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यात त्याने सोने घेतले. तेव्हा तो सतराही पुरा नव्हता. आता पुढच्या दोन-तीन वर्षांत हा जग जिंकणार, असे लोकांना वाटले असेल तर नवल नाही. पण मोठ्यांच्या गटातले राष्ट्रकुलचे सोने त्याला २०१८ साली गोल्ड कोस्टला मिळाले, ५७ किलोत. मध्ये दहा वर्षे गेली! त्या दहा वर्षांत दुखापती आल्या, गुरू गेले, २०१६ च्या ऑलिंपिकला त्याच्या वजनात दुसरा मल्ल गेला. २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोत त्याने कांस्यपदक घेतले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी होतकरू ठरलेल्या, उत्तम गुरू लाभलेल्या मल्लाला तयारीचा व्हायला एवढा काळ लागला. घरच्यांनी वीस-एकविसाव्या वर्षी ‘बस झाले, आता शेतीला लाग’ म्हटले असते तर?

उलटही घडते. पन्हाळा तालुक्यातला पृथ्वीराज पाटील २०२१ साली वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला आणि २०२२ साली साताऱ्याला महाराष्ट्र केसरी झाला, अगदी कोवळ्या वयात. काही झाडे तिसऱ्या वर्षीच लागतात. पण शेजाऱ्याचे झाड तिसऱ्या वर्षी लागले म्हणून आपले उपटून टाकायचे नसते.

मग वस्ताद बघतो तरी काय? जुन्या लोकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. ते पोराची जिंकलेली कुस्ती फारशी बघत नाहीत, पडल्यानंतरचा पोरगा बघतात. चितपट झाल्यावर तो माती झटकून कुठे बघतो, बापाकडे की ज्याने पाडले त्याच्या पायांकडे? पायांकडे बघणारा मनात डाव उलगडत असतो. नवा डाव दाखवला तर किती दिवसांत अंगी उतरतो, आणि उतरला तर दमलेला असतानाही निघतो का? पहाटेच्या अंधारात हाक मारावी लागते की स्वतः उठून हौद्यात येतो? मान, मनगट, पंजा, पायाची पकड हे तर बघतातच. आणि दमसास. अंगात जोर नसला तरी चालतो, तो येतो. दम नसला तरी बराचसा कमावता येतो. पण शिकण्याची भूक बाहेरून घालता येत नाही.

सरकारी निवडीत हेच मोजपट्टीने बघतात. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत मुलांची उंची, वजन, तीस मीटरची धाव, वळून-वळून पळणे, आठशे मीटर, जड चेंडू फेकणे, जागेवरून उंच उडी असे तपासतात. तिथे कुस्ती येते का हे आधी विचारत नाहीत, पुढे काय घडू शकेल याचा अंदाज घेतात. आमच्या मते ही पद्धत निम्मी बरोबर आहे. अंग मोजता येते, पण पडल्यानंतरची नजर कोणत्या टेपने मोजणार? त्यासाठी वस्तादाजवळ वर्षभर राहावे लागते. म्हणून पोराला तालमीत ठेवताना पहिले वर्ष हे परीक्षेचे समजा. वर्षाअखेर वस्तादांना जाऊन भेटा आणि ‘कुस्त्या किती मारल्या’ हे विचारू नका. ‘गेल्या वर्षी येत नव्हते ते आता काय येते?’ असे विचारा.

दोन वह्यांची गल्लत झाली की पोराच्या अंगावर येते, आणि हा भाग जरा कठोर शब्दांत सांगावा लागेल. पोरगा होतकरू आहे असे कळले की गावाला घाई होते. जत्रा कमिटीला नाव मोठे करायचे असते, म्हणून सोळा वर्षांच्या पोरावर तेवीस वर्षांच्या तयार गड्याची जोड लावतात. इनाम मोठे असते, बाप नाही म्हणत नाही. अशा एका कुस्तीत गुडघा नाही तर खांदा गेला की वर्ष-दीड वर्ष जाते, कधी सगळेच जाते. वरची जोड ठरवण्याचा हक्क वस्तादाचा. तो नको म्हणाला की सरपंच आला तरी नको.

दुसरे वजनाचे. खालच्या गटात उतरवून कुस्ती सोपी करावी म्हणून कोवळ्या पोरांना उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळवतात. मोठे मल्ल असे करतात हे खरे. पॅरिसला उपांत्य लढतीनंतर अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोवर वजन उतरवले, आणि त्याच स्पर्धेत विनेश फोगट शंभर ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम लढतीतून बाद झाली, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्यांच्यामागे डॉक्टर होते, आणि तरीही तिथे काय झाले ते जगाने पाहिले. वाढत्या अंगाच्या पोराचे पाणी तोडणे म्हणजे पोटरीत आलेल्या ज्वारीचे पाणी तोडणे. आणि डबाबंद भुकटी किंवा ‘ताकदीचे’ इंजेक्शन कोणी सुचवले तर पोराला घेऊन तडक घरी या. स्पर्धेत लघवीची तपासणी होते, त्यात निषिद्ध औषध निघाले तर चार-चार वर्षे बंदी येते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे तिथे सहसा ऐकून घेत नाहीत. शरीराची हानी होते ती वेगळीच.

आता घरच्या हिशेबाकडे येऊ. आईबहिणींनी हे नीट वाचावे, कारण पैलवानाचा खुराक शेवटी त्यांच्या हातातून जातो. एका पोराच्या दुधा-बदामापायी धाकट्या मुलीची शाळा सुटली, अशी घरे आहेत. जमीन विकून किंवा सावकाराकडून काढून खुराक चालवू नये. झेपेल तेवढाच द्यावा. घरचे दूध, डाळ, भाकरी, शेंगदाणे, अंडी यांवर चौदा वर्षांचे अंग चांगले उभे राहते. पोरगा खरोखर गुणी निघाला तर बाहेरून मदत मिळण्याच्या वाटा आज आहेत. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला शिक्षण आणि प्रशिक्षणाखेरीज हातखर्चाला महिन्याला दहा हजार रुपये मिळतात. सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या लहान वयात मुले घेऊन शाळा आणि खेळ दोन्ही सांभाळतात, आणि पुण्यात मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. जत्रेतल्या ढाली तिथे चालत नाहीत.

दहावी-बारावी मात्र सोडू देऊ नका. मघाच्या तीन पोरांतला तिसरा आठवतो ना, वीस वर्षांचा, तालुक्यात नाव असलेला? पुण्या-कोल्हापूरच्या तालमींत असे पुष्कळ गडी असतात. तयारीचे आहेत, पण वरच्या पायरीवर जाणार नाहीत हे वस्तादाला कळलेले असते. सांगायला कोणी धजत नाही. गडी आणखी सात वर्षे मातीत घालवतो, सत्ताविसाव्या वर्षी फुटलेले कान घेऊन गावी परततो, आणि हाती ना शिक्षण ना नोकरी. त्याला विसाव्या वर्षीच सरळ सांगितले असते तर तो पोलीस, सैन्य किंवा रेल्वेच्या खेळाडू भरतीत आपल्या आजच्या तयारीवर लागला असता, नाहीतर पदवी घेऊन पतियाळाच्या संस्थेतून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला असता. तयारी हीसुद्धा एक पुंजी आहे. ती ज्या वर्षी भरात असते त्या वर्षीच तिचा भाव करून घ्यायचा. होतकरूला थांबायला सांगा, तयारीच्याला थांबवून ठेवू नका.

मुलींचे राहिले. साक्षी मलिकने २०१६ साली रिओला पदक घेतल्यापासून आपल्याकडेही मुली मातीत उतरू लागल्या आहेत, आणि २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. मुली मुलांच्या आधी वयात येतात, म्हणून त्यांच्या बाबतीत बारा-तेराव्या वर्षीच्या जिंकण्या-हरण्याने आणखीच फसगत होते. बाकी सगळा हिशेब तोच. फक्त राहण्याची जागा आणि शिकवणारी माणसे स्वतः जाऊन, दोन दिवस राहून बघा. पत्रावर आणि फोनवर भरवसा ठेवू नका.

आणि येत्या जूनमध्ये पोराला घेऊन निघणार असाल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारकार्ड यांवर एकच तारीख आहे ना, ते आत्ताच बघून ठेवा. फरक असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. तालमीत गेल्यावर आधी झोपायची जागा, संडास आणि पाणी बघा, मग माती बघा. मातीबरोबर गादीचा सराव आहे का विचारा. शाळा किती लांब, अंगदुखीला कोणत्या डॉक्टरकडे नेतात, आणि वस्ताद स्वतः हौद्यात उतरतात की नुसते खुर्चीवर बसतात, हेही विचारा. पोराला तिथे सोडून एकदम गावी परतू नका. एक पहाट थांबा आणि मेहनत चालू असताना कोपऱ्यात उभे राहून बघा. आपल्या पोराकडे नको, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोरांकडे. दोन वर्षांनी तुमचा पोरगा कसा असेल ते तिथे दिसेल.